अकरा वेळा

राष्ट्राध्यक्षांचा निरोप आला तेव्हा
एपिफानिओ रेडिओच्या खोलीत शेगडी फुंकत होता.
चार मिनिटं वीस सेकंद, राजधानीहून, स्पॅनिशमध्ये.
निवडणुकीतलं पहिलं बोलणं, दुसऱ्या खेपेसाठी.
उद्या पहाटे पाचला, लामा कुरणात सोडतात त्या वेळी,
ते केचुआत जायला हवं होतं, माझ्या आवाजात.

चांगलं लिहिलं होतं. खोटं कशाला बोलू.
सुरुवातीला आई, तिच्या हातची मक्याची पेज,
मग डोंगर, मग रस्ते, मग आकडे.
आणि वाक्यावाक्याला नोसोत्रोस.
मी पेन्सिलीनं खुणा करत गेले : बारा.

स्पॅनिशमधला तो शब्द म्हणजे भलंमोठं पोंचो.
कुणीही आत शिरावं,
कुणाचे पाय बाहेर राहिले ते दिसत नाही.
आमच्या बोलीत हे चालत नाही.
न्योकान्चिक म्हणजे आपण : मी, आणि ऐकतोयस तो तूसुद्धा.
न्योकायकु म्हणजे आम्ही : मी आणि माझी माणसं, तू सोडून.
तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागतं,
समोरच्याला पंगतीत घ्यायचं की उंबऱ्याबाहेर ठेवायचं.

'आपण तीनशे चाळीस पूल बांधले.'
आपण?
पुकामायू नदीवर दोन खांब उभे आहेत, मधे आकाश.
उद्घाटनाची फीत अजून एका खांबाला आहे,
उन्हानं विटून पांढरी पडलेली.
आलेहान्द्रिना मावशी दर आठवड्याला तिथूनच नदी उतरते,
पाठीवर सुकवलेल्या बटाट्यांचं गाठोडं, बुटांच्या नाड्या दातांत.
तिला कसं सांगू, की तूच बांधलास?

पुढचं त्याहून अवघड होतं.
'दुष्काळात आपण सोसलं.'
आम्ही म्हणावं तर मावशी वगळली जाते,
आपण म्हणावं
तर तो आत येऊन चुलीपाशी बसतो.

प्रचार कचेरीचा माणूस आला होता, रोल्दान नावाचा,
उंचीमुळे धाप लागलेला, कोकाच्या पानांचा चहा घोटघोट घेत.
म्हणाला, बाई, सगळीकडे आतला शब्द घाला,
घरातलं माणूस बोलतंय असं वाटलं पाहिजे.
पैसे त्याचे. रेडिओचं दोन महिन्यांचं वीजबिल थकलेलं.
एपिफानिओ माझ्याकडे न बघता वायरी गुंडाळत बसला.

घातला.
पुलांना घातला, शाळांना, लसींना,
दुष्काळालाही घातला.
अकरा वेळा.
मधे एकदा उठून पाणी प्यायले.

बारावं वाक्य शेवटचं.
'आम्ही तुम्हाला विसरलेलो नाही.'
'इथेही तोच,' रोल्दान म्हणाला.
इथे नाही बसत, म्हटलं.
'का नाही बसत?'
वाक्यात 'तुम्हाला' आहे म्हणून.
विसरणारा एक आणि विसरला जाणारा दुसरा,
दोघं एका शब्दात मावत नाहीत.
'आपण तुम्हाला विसरलो नाही' असं
आमच्यात दारू प्यालेलासुद्धा म्हणत नाही.

त्यानं फोन लावला. रेंजसाठी अंगणात गेला,
थंडीत बराच वेळ नुसता हो हो करत राहिला.
आत येऊन म्हणाला, असू दे.
एकच तर आहे.

पहाटे पाचला मी वाचलं.
शेवटच्या वाक्यापाशी थोडी थांबले असेन,
तेवढं टेपमध्ये ऐकू येतं.

रविवारी बाजारात मावशी भेटली,
घागऱ्याची किनार ओली.
ऐकलंस का, विचारलं.
'ऐकलं की. आवाज बसला होता तुझा.'
बटाटे निवडताना तिचे हात थांबले नाहीत.
'आणि तो. सगळा वेळ आपल्या घरात भटकला,
निघताना मात्र खरं बोलला गं.'
मग तिनं पारडं माझ्याकडे ओतलं,
आणि रिवाजाप्रमाणे
वरून एक बटाटा जास्तीचा.